एका नळाचे बारा सामू

मुकर्रम-आपानं बारा गावचं पाणी नुसतं प्यायलेलं नव्हतं, मोजलेलंही होतं. फरगाना खोऱ्यातल्या एका पंपघराच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं बसून ती आसपासच्या वस्त्यांचं पाणी आंबटाकडे झुकतंय की सोड्याकडे, हे सांगत आली होती. खोलीत एक टेबल, एक खिडकी, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजायचं एक यंत्र आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची तिनं मागितली होती. ती मंजूर झाल्याचं पत्र भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं आणि येणारा माणूस ते उभ्यानंच वाचायचा.

त्या मंगळवारी टेबलावर बारा बाटल्या होत्या. चिनोरली मोहल्ल्यातल्या एकाच गल्लीची बारा घरं, नळाची लाइन एक, लाइनीच्या टोकाला झरा एक. असं पाणी बारा बाटल्यांत भरलं तर बाराही बाटल्यांनी एकच आकडा सांगायला हवा: सात पूर्णांक चार. पंपघराच्या नळावर ती रोज तोच वाचायची. वहीत तो इतक्यांदा आला होता की आता डोळे मिटले तरी हात लिहून मोकळा होई.

पहिल्या बाटलीनं तीन पूर्णांक चार सांगितला.

आपानं यंत्राची काचेची कांडी धुतली, टिपली, पुन्हा बुडवली. तीन पूर्णांक चार. हे पाणी नव्हतं, सरबत होतं. दुसरी बाटली आठ पूर्णांक तीन. तिसरी पाच पूर्णांक दोन, आणि वर बारीक बुडबुडे. चौथी दहा पूर्णांक एक. तिच्यात चादरी भिजत घालता आल्या असत्या. पाचवीनं शहाण्या मुलीसारखं सात पूर्णांक चार म्हटलं, आपाला जरा बरं वाटलं, तर सहावीनं चार पूर्णांक सहा म्हणून ते बरं वाटणंही संपवलं.

बारावी झाल्यावर तिनं कपाटातून तीन छोट्या कुप्या काढल्या. यांतल्या द्रावणांचा सामू आधीच ठाऊक असतो. यंत्र वेड लागल्यासारखं करू लागलं तर त्याची परीक्षा घ्यायला त्या ठेवलेल्या असतात. यंत्रानं तिन्ही द्रावणं बरोबर ओळखली, भाच्यानं मामांना ओळखावं तशी.

म्हणजे यंत्र खरं होतं. झरा खरा होता. दोघांच्या मध्ये उरत होती ती फक्त चिनोरलीची माणसं, आणि माणसांत बुडवायची कांडी खात्यानं दिलेली नव्हती.

तिनं बाराही आकडे जसेच्या तसे फॉर्मवर लिहिले, खाली सही केली आणि फॉर्म प्रांताच्या कचेरीला पाठवून दिला.

बुधवारी सकाळी प्रांताचे तपासनीस अदहम रुस्तमोविच स्वतःच हजर झाले. चाळिशीचे, इस्त्रीचे, आणि कमालीचे ठाम. शंका नावाची गोष्ट त्यांना स्वतःला कधी येत नसे, ते ती दुसऱ्यांवर घेत. पूर्वी आपा स्वतः नळाखाली बाटली धरून नमुने आणायची. यंदा अदहम रुस्तमोविचनी नवा नियम काढला होता: नमुना नागरिकानं आपल्या हातानं भरून द्यायचा, म्हणजे खात्यावर कोणी बोट ठेवायला नको. त्याप्रमाणे सोमवारी रिकाम्या बाटल्या घरोघर वाटल्या गेल्या होत्या.

त्यांनी भिंतीवरचं खुर्चीचं पत्र वाचलं, मग हातातला फॉर्म वाचला.

"एक नळ, बारा घरं, बारा उत्तरं," ते म्हणाले. "आपा, ही प्रयोगशाळा आहे की लॉटरी?"

"आकडे बरोबर आहेत."

"तीन पूर्णांक चारचं पाणी पिऊन ते घर जिवंत आहे?"

"काल संध्याकाळी तरी होतं. त्यांच्याकडे बारशाची गडबड चाललीय."

"मग हे लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," आपा म्हणाली. "पण वाटलेलं लिहायला या फॉर्मात रकाना नाही."

अदहम रुस्तमोविचनी फॉर्मची घडी घातली. "नागरिक खोटं कशाला बोलेल? त्याचा फायदा काय? चूक यंत्राची आहे नाहीतर यंत्रामागच्या माणसाची. शुक्रवारी मी चिनोरलीत येतो. नागरिकांकडून नव्यानं नमुने घेऊ, माझ्यासमोर मोजू. तेव्हाही हीच जत्रा दिसली तर खोलीला कुलूप. यंत्र प्रांताला जाईल आणि तुम्हाला पावत्यांच्या खिडकीत बसवू. तिथं खुर्ची आहे."

गाडी गेली. आपानं यंत्रावर फडकं टाकलं, पिशवी खांद्याला लावली आणि चिनोरलीची वाट धरली. पावत्यांच्या खिडकीत बसायची तिची तयारी नव्हती. बावीस वर्षं लोक तिला विचारत आले होते, "आपा, पाणी ठीक आहे ना?" आणि ती "ठीक आहे" म्हणाली की पुढं कोणी विचारत नसे. खोलीला कुलूप लागलं असतं तर ते तिच्या त्या दोन शब्दांना लागलं असतं.

गल्लीतलं दुसरं घर होजर-खोलाचं, म्हणजे होजर-मावशीचं. वय पंच्याहत्तर, दात सात, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा. दारातच तिची सून झेबो चोचीचा पितळी आफताबा आणि तस्त घेऊन पुढं झाली. आपानं हात पुढं केले, झेबोनं अंगणातल्या नळावर भरलेलं गार पाणी तीनदा त्यांवर ओतलं, टॉवेल दिला. मग मांडवाखालच्या बाजेवर दस्तरखान पसरला गेला, गोल रोट्या मोडल्या गेल्या, आणि खोलानं किटलीतला चहा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत, असं तीनदा करून चौथ्यांदा आपाच्या हातात अर्धा प्याला ठेवला.

आपानं प्याला उन्हाकडे धरला. हिरवा चहा गव्हाच्या काडीच्या रंगाचा होता, तळातली नक्षी स्वच्छ दिसत होती.

तिनं प्याला तसाच हळूहळू फिरवून पाहिला.

"काय गं, माशी पडली?" खोलानं विचारलं.

"नाही. चहा फार छान रंगलाय."

"मग पी की. नुसता बघून काय पोट भरणार आहे?"

या घरची बाटली आठ पूर्णांक तीनची होती. त्या पाण्याचा चहा असा होऊच शकत नाही. सोड्याकडे झुकलेलं पाणी उकळलं की हिरवा चहा तपकिरी होतो, बाजारातल्या खानावळीत पत्ती वाचवायला सोडा टाकतात तसा. आणि आंबटाकडे झुकलं की फिका पडतो. हा प्याला तर सरळ सरळ सात पूर्णांक चार म्हणत होता.

"खोला, हा चहा कुठल्या पाण्याचा?"

"नळाच्या. आणि कुठल्या?"

"आणि मला जी बाटली पाठवली ती?"

"ती पण नळाचीच."

"नुसती नळाची?"

खोलानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती शेजाऱ्याच्या लग्नात पायजमा विसरून आली आहे.

"नुसती कशी पाठवीन? तुझं भांडं आमच्या घरी आलं, ते रिकामं परत करू? शेजारणीची वाटी आली तरी आपण तिच्यात दोन जर्दाळू घालतो. इथं तर सरकारची बाटली."

"रिकामी कुठं? पाणी होतं ना तिच्यात."

"पाणी म्हणजे काय देणं झालं? पाणी झऱ्याचं. त्यात माझं काय?" खोला म्हणाली. "चिमूटभर खायचा सोडा घातला. हरभरे मऊ होतात त्यानं. म्हटलं, यंत्रालाही बरं वाटेल."

आपानं प्याला खाली ठेवला. झेबो ओठ दाबून रोटीचे तुकडे सारखे करत होती.

"आणि बाकीच्यांनी?"

"पहिल्या घरी लिंबू पिळलं, मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या घरी तोशपुलात. तो मोहल्ल्याचा अध्यक्ष, त्याला घरचं कसं चालेल? त्यानं दुकानातलं बुडबुड्यांचं पाणी आणून ओतलं. चौथीनं बाटलीच धुण्याच्या सोड्यानं घासली आणि विसळायला विसरली, ती पहिल्यापासून तशीच. पाचवीकडे म्हातारा आहे, त्यानं दुआ म्हणून फुंकर घातली."

"ती बरोबर आली," आपा म्हणाली.

"बघ," खोला म्हणाली.

सहावीनं बाटली सिरक्यानं निर्जंतुक केली होती. नवव्या घरानं चांदीची अंगठी टाकली होती आणि ती परत हवी होती. आपानं सगळं ऐकून घेतलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. उलट प्रत्येकानं बाटलीत पदरचं काहीतरी घातलं होतं, आणि हे अदहम रुस्तमोविचना समजावून सांगायचं म्हणजे त्यांच्यासमोर बारा घरांची अब्रू टांगायची. तेही चाललं असतं. पण नुसत्या सांगण्यावर ते विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांना आकडा हवा होता.

तिथून ती तडक तोशपुलात-अकाकडे गेली. चिनोरलीचा हा अध्यक्ष बारा वर्षं निवडून येत होता, कारण प्रत्येक बैठकीत तो सगळ्यांच्या आधी "ठरलं" म्हणायचा.

"अका, शुक्रवारी नव्यानं बाटल्या भरायच्यात. लोकांना सांगा, आत काही घालू नका. नुसतं पाणी."

"बेशतेरकवाल्यांना गेल्या वर्षी किती मिळाले?" तोशपुलातनं विचारलं. बेशतेरक म्हणजे ओढ्यापलीकडचा मोहल्ला.

"आठ पूर्णांक एक. पण मिळाले असं नसतं, अका. ते गुण नाहीत."

"किती पैकी असतात?"

"मोजपट्टी चौदापर्यंत आहे, पण..."

"चौदापैकी आम्हाला सात," तोशपुलात म्हणाला. "म्हणजे कसेबसे पास. आणि बेशतेरकला आठ. ज्या मोहल्ल्याला अजून धड चायखाना नाही."

"सात म्हणजे मधोमध. ना आंबट, ना सोडा. पिण्याच्या पाण्यात याहून चांगलं काही नसतं."

"मधोमध," तोशपुलातनं शब्द चघळून पाहिला आणि तो त्याला फारसा रुचला नाही. "आपा, माझा मोहल्ला कुठल्याच बाबतीत मधोमध नाही. पण तुम्ही म्हणता तर ठीक. तुमची खोली जायला नको, हे मला कळतं. तुमच्या खोलीमुळं बेशतेरकची माणसंही इकडं येतात. शुक्रवारी बाराही बाटल्या सारख्या येतील, ही माझी जबाबदारी. ठरलं."

आपा निघाली. फाटकापर्यंत पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं की तो "नुसतं पाणी" असं एकदाही म्हणाला नव्हता.

शुक्रवारी तोशपुलातच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडलेलं होतं, त्यावर पांढरी चादर, चादरीवर एका रांगेत बारा बाटल्या. प्रत्येकीच्या गळ्यात रेशमी फीत. मागं चुलाणावर कढईत ओश, म्हणजे पुलाव, शिजत होता, गाजर आणि जिऱ्याचा वास सुटला होता. अदहम रुस्तमोविच वेळेवर आले. आपानं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर मोजायला सुरुवात केली.

पहिली बाटली: आठ पूर्णांक तीन. दुसरी: आठ पूर्णांक तीन. तिसरी, चौथी, पाचवी. अदहम रुस्तमोविच पुढं झुकले. अकरावी आठ पूर्णांक दोन निघाली, तेव्हा तोशपुलातनं अकराव्या घराच्या मालकाकडे रागानं पाहिलं. बारावी पुन्हा आठ पूर्णांक तीन.

गल्लीनं होजर-खोलाची चिमूट वाटून घेतली होती. तोशपुलातनं त्यासाठी सगळ्यांना एका मापाचे चमचेही दिले होते, हे आपाला मागाहून कळलं.

"हे बघा," अदहम रुस्तमोविच म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "याला म्हणतात मोजणं. एक नळ, एक उत्तर. नियमात नऊपर्यंत चालतं, आपण आठ पूर्णांक तीनला आहोत. गेल्या वेळी यंत्र बिघडलं असणार, मी आधीच म्हणालो होतो. करा सही, आपा. तुमची खोली तुम्हाला राहिली."

त्यांनी पेन पुढं केलं. तोशपुलातनं मांडवाकडे पाहत मिशीवरून बोट फिरवलं. सगळी गल्ली आपाच्या हाताकडे बघत होती आणि तो हात आकडा लिहायला पुरेसा सरावलेला होता.

आपानं पेन घेतलं आणि त्याचं टोपण लावलं.

"सही नाही करणार."

"का?"

"बाटल्यांतलं पाणी आठ पूर्णांक तीनच आहे, यात चूक नाही. पण ते चिनोरलीच्या नळाचं नाही. नळाचं सात पूर्णांक चार आहे."

चुलाणाजवळची माणसं टेबलाकडे सरकली.

"आपा," तोशपुलात हळूच म्हणाला, "आठ आलेत. बेशतेरकच्या पुढं गेलोय आपण."

"अका, उद्या झऱ्यात खरंच काही बिघडलं आणि पाणी आठ पूर्णांक तीनवर गेलं, तर मी कशावरून ओळखू? माझ्या वहीत ते आधीपासूनच आठ पूर्णांक तीन असेल."

तोशपुलातनं मिशीवरचं बोट खाली घेतलं.

अदहम रुस्तमोविचचा चेहरा पुन्हा इस्त्रीत गेला. "म्हणजे नागरिकांनी भेसळ केली, असं तुमचं म्हणणं?"

"नागरिकांच्या हातून नमुना घ्यायचा, हा तुमचा नियम. मला मान्य आहे. फक्त त्यांनी इकडं आणून द्यायच्या ऐवजी आपण त्यांच्या घरी जाऊन घेऊ. बारा घरं, त्यांचे नळ, त्यांचेच हात. तुम्ही बरोबर चला. तरीही आकडे जमले नाहीत तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देते."

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं, कढईकडे पाहिलं. ओशला तासभर होता.

"चला," ते म्हणाले.

पहिल्या घराच्या दारात सून आफताबा घेऊन उभी होती. प्रांताचा पाहुणा येणार म्हटल्यावर ती उभी असणारच, आणि आपाला नेमकी तिचीच खात्री होती. दोन दिवस तिनं एवढाच विचार केला होता, की या गल्लीत असं कुठलं पाणी आहे ज्यात कोणी काही घालत नाही. प्यायच्या पाण्यात घालतात, स्वयंपाकाच्यात घालतात, भेट द्यायच्यात तर घालतातच. हात धुवायचं पाणी मात्र कोणी कोणाला देत नाही. ते फक्त ओततात.

सुनेनं आफताबा तिरका केला. आपानं हातांच्या जागी बाटली धरली.

"अगंबाई, आपा, ते हात धुवायचं आहे," सून गडबडली.

"मला तेच हवंय."

"पाहुण्यांसमोर असलं पाणी न्यायचं? मी आतून चांगलं आणते."

"चांगलं आणू नकोस, पोरी. हेच ओत."

बाटली भरली. आपानं तिथंच, उंबऱ्यावर, कांडी बुडवली. सात पूर्णांक चार. अदहम रुस्तमोविचनी स्वतः आकडा वाचला, स्वतः कागदावर टिपला, आणि मग त्यांना बसून एक प्याला चहा घ्यावा लागला, कारण न घेता निघणं कोणाच्याच नियमात बसत नव्हतं.

दुसरं घर होजर-खोलाचं. सात पूर्णांक चार, आणि एक प्याला. तिसरं, सात पूर्णांक तीन. चौथं, सात पूर्णांक चार. प्रत्येक ठिकाणी रोटी मोडली जात होती, प्रत्येक ठिकाणी चहा काडीच्या रंगाचा होता. पाचव्या घरच्या म्हाताऱ्यानं आफताब्यावर फुंकर घालायची परवानगी मागितली आणि आपानं ती दिली. सात पूर्णांक चार. सहाव्या घरातून बाहेर पडताना अदहम रुस्तमोविचची चाल जड झाली होती, पण कागदावर सहा आकडे एकाखाली एक शिस्तीत उभे होते आणि ते कागदाकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

सातव्या घराच्या अलीकडे आपानं पाऊल उचललं. बातमी माणसाच्या पुढं धावते हे तिला ठाऊक होतं, पण ती गच्चीवरून धावेल असं तिला वाटलं नव्हतं.

"हात धुवायचं पाणी मोजतायत," वरून कोणीतरी ओरडून गेलं.

सातव्या दारात आफताब्याच्या चोचीतून तुळशीसारख्या रेहानचं पान डोकावत होतं. आतून लिंबाचा वास येत होता. घरची थोरली सून हसतमुखानं पुढं झाली.

"पाण्यात काय आहे?" अदहम रुस्तमोविचनी विचारलं.

"काही नाही, दादा. रेहान, थोडं गुलाबपाणी, अर्धं लिंबू. हातांना वास राहतो."

"कोणी घालायला सांगितलं?"

सुनेनं त्यांच्याकडे, मग आपाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्नच तिला उलगडेना.

"तुम्ही पाहुणे ना," ती म्हणाली.

"मी तपासनीस आहे."

"हो ना. एवढ्या लांबून आलात. नुसत्या पाण्यानं हात धुवायला लावू?"

अदहम रुस्तमोविचनी त्या पानाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून मंगळवारचा फॉर्म काढला, उलगडला, आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचत गेले. तीन पूर्णांक चार. आठ पूर्णांक तीन. पाच पूर्णांक दोन. तिनं बाटली धरली, सुनेनं पाणी ओतलं, कांडी बुडाली.

"चार पूर्णांक शून्य," आपानं वाचलं. "लिहा."

"लिहू?"

"आफताब्यात आहे तेच आलंय. लिहायलाच हवं. आता अंगणातल्या नळाचं घेऊ."

नळाखाली बाटली तिनं स्वतः धरली नाही, नियम होता. सुनेनं धरली, आणि तपासनिसांनी सुनेच्या दोन्ही हातांवर, हात हलणार नाहीत इतकी कडक नजर ठेवली. सात पूर्णांक चार.

उरलेली पाच घरं तशीच झाली: नळ, सुनेचा हात, तपासनिसांची नजर. प्रत्येक घरी कोणी ना कोणी "जरा थांबा हं" म्हणून आत धावत होतं आणि अदहम रुस्तमोविच "काही आणू नका" असं दारातूनच सांगत होते, पहिल्यांदा हुकमानं, मग विनवून. चहा मात्र त्यांना चुकवता आला नाही. बाराव्या घरी ते बाजेवर बसले ते लवकर उठलेच नाहीत.

"आपा," ते म्हणाले, "तुम्ही हे आधीच सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं?"

त्यांनी विचार केला. "नाही."

तोशपुलातच्या अंगणात परत आल्यावर त्यांनी फॉर्मवर बारा आकडे उतरवले, आपानं सही केली, त्यांनी केली. मग त्यांनी फॉर्म उलटा करून पाठीमागं नवा आदेश लिहायला घेतला: खोली जिथं आहे तिथंच राहील, यापुढं नमुना प्रयोगशाळाप्रमुख मुकर्रम हिनं, वर्दी न देता, थेट नळावरून घ्यावा, आणि चिनोरलीत नमुना घेताना तिला पाहुणी मानण्यात येऊ नये.

तोशपुलातनं तो वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"हे लिहू नका, साहेब. बाकी सगळं ठीक. पण मोहल्ल्याच्या नावावर असलं वाक्य राहिलं तर बेशतेरकवाले फोटो काढून लावतील."

"मग ती आल्यावर तुम्ही बाटलीत हात घालणार."

"पाहुणीला पाहुणी मानू नका, हे कागदावर लिहायची गोष्ट आहे?" मांडवाखालून होजर-खोलाचा आवाज आला. "उद्या लिहाल, आईला आई म्हणू नका."

अंगणात एकच कुजबुज सुरू झाली. सकाळी आकड्याबद्दल जे कोणी बोलले नव्हते ते सगळे आता वाक्याबद्दल बोलू लागले. आठव्या घराच्या मालकाचं म्हणणं पडलं की 'अर्धी पाहुणी' लिहावं. झेबोनं सुचवलं की आपानं रस्त्यावरूनच हात लांब करून नळ गाठावा, म्हणजे उंबरा ओलांडला असं होणार नाही. तोशपुलात दोनदा "ठरलं" म्हणाला आणि दोन्ही वेळा कोणी ऐकलं नाही. कढईवरचं झाकण निघालं, ओश परातीत आला आणि निवायला लागला, तरी प्रांताचे तपासनीस पेन हातात धरून गल्लीचं ऐकत होते. आपण कधी कोणाचं इतका वेळ ऐकलं होतं, हे त्यांना आठवेना.

शेवटी आपाच म्हणाली, "असं लिहा. बाटलीचं बूच लागेपर्यंत मी खात्याची. बूच लागलं की मी तुमची."

खोलानं हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, सात दातांवर घोळवलं आणि मान हलवली. अदहम रुस्तमोविचनी आधीची ओळ खोडली, नवी लिहिली, शिक्का मारला.

पुढच्या गुरुवारी आपा न सांगता गल्लीत शिरली. पहिल्या घराच्या फाटकातून आत गेली, कोणाकडे न बघता नळ सोडला, बाटली भरली. सून दाराच्या चौकटीत आफताबा पोटाशी धरून उभी होती. तिच्यामागं सासू, सासूमागं किटली. दोघीही आपाच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

आपानं बूच लावलं. ते पुरतं बसायच्या आतच तिच्या हातांवर पाणी पडायला लागलं होतं.